होडी कुणी मागितली होती?

३ जुलै

वन्सं, नमस्कार.

‘विनंती विशेष’ मुद्दामच लिहिलं नाही, कारण या पत्रात विनंती नाही. फक्त कळवायचं आहे.

मी तुमच्याकडे राहायला येत नाही. तुम्ही मागची खोली रिकामी केलीत, खिडकीला नवे पडदे शिवलेत, हे तुमच्या चिरंजीवांनी फोनवर सांगितलं. ऐकून भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण पडदे काढून ठेवा, उन्हाने विटतील. मी इथल्या विद्यापीठात नाव घातलंय. विषय आंतरराष्ट्रीय कायदा. बारावीनंतरचा, तीन वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम आहे. माझी बारावी झाली तेव्हा आताचे माझे वर्गसोबती जन्मायचे होते, पण वयाची अट कुठे लिहिलेली नाही. मी नीट शोधली.

तुम्ही म्हणाल, हिला हे कुठून सुचलं? सांगते.

तुमचा भाऊ ज्या जहाजावर फिटर होता, त्यावर ज्या देशाचा झेंडा होता तो देश जहाजावरच्या एकानेही पाहिलेला नव्हता. मालक दुसऱ्या देशातले. ज्या बंदराने जहाज आत घेतलं नाही ते तिसऱ्या देशातलं. अपेंडिक्स फुटून जो माणूस गेला तो आपला. त्याला समुद्रातच सोडलं, तेव्हा जवळ कुठलाच देश नव्हता. मी सगळ्यांना लिहिलं, हे तुम्हाला माहीत आहे. झेंडेवाले म्हणतात, बंदराला विचारा. बंदरवाले म्हणतात, जहाजावर तापाचे रोगी होते, आत घेणं धोक्याचं होतं, झेंड्याला विचारा. मालक म्हणतात, आम्हाला अतीव दुःख झालं आहे. दुःख कबूल करायला काही लागत नाही, म्हणून त्याचीच उत्तरं लवकर येतात.

मला वाटलं, देश एकमेकांशी कुठल्या नियमांनी वागतात, हे कुणीतरी लिहून ठेवलं असेलच. मी गावातल्या वाचनालयात शोधलं. होतं. जाड जाड पुस्तकं, कुणी न उघडलेली. वाचत गेले. अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. जे डोक्यावरून गेलं ते खाली उतरवायला आता वर्गात बसणार आहे.

सकाळी चष्म्याचं दुकान, दुपारी वर्ग. दुकानदारांनी वेळ बदलून दिली. म्हणाले, “बाई, शिका. पण गिऱ्हाइकाला कलमं सांगू नका, नंबर सांगा.”

तुम्ही रागावाल. रागवा. प्रकृतीला जपा.

तुमची भावजय


१९ नोव्हेंबर

वन्सं, नमस्कार.

पत्राचं उत्तर नाही, पण निरोप पोचला. चिरंजीवांनी जसाच्या तसा सांगितला, तुमच्या आवाजात. “मामी, आई म्हणते, पुस्तकं वाचून माझा भाऊ परत येणार आहे का?”

नाही येणार. न वाचूनही येणार नाही. मग वाचते.

वर्गात पहिल्या दिवशी आमच्या मॅडम म्हणाल्या, “या कायद्याला पोलीस नाही.” पोरं हसली. एकाने विचारलं, “मॅडम, मग हा कायदा कसला?” माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्या सासरी तरी कुठे पोलीस होता?” सगळे वळून बघायला लागले, तेव्हा बोलणं पुरं करावंच लागलं. सांगितलं, की लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी जेवताना मोठ्याने बोलले, तर माझ्या नणंदेने नुसती एक भुवई वर केली. त्यानंतर त्या घरात माझा आवाज कधी चढला नाही. कुणी नियम सांगितला नव्हता, शिक्षा नव्हती. पण सगळे पाळत होते आणि पाळायला हवं असं मानत होते. मॅडम म्हणाल्या, “याला आपण प्रघात म्हणतो. देशांचाही निम्मा कायदा असाच झालाय.” तेव्हा तुम्ही आमच्या अभ्यासक्रमात आहात, वन्सं. भुवईसकट.

पोरांनी मला नाव ठेवलंय, व्हेटो मावशी. बड्या देशांच्या सभेत एकाने ‘नाही’ म्हटलं की सगळं अडतं, त्याला व्हेटो म्हणतात. मी कॅन्टीनमध्ये जायला नाही म्हणते, सहलीला नाही म्हणते, नोट्सच्या झेरॉक्स काढायलाही नाही म्हणते, हाताने उतरवते. हाताने उतरवलेलं डोक्यात राहतं. माझ्या बाकावर एक मुलगी बसते. ती सगळीकडे पळत येते आणि पळत जाते म्हणून तिचं नाव ‘घाई’. बोलताना वाक्याचा शेवट गिळते. परवा म्हणाली, “मावशी, तुम्ही इतकं वाचता कशाला, परीक्षेला तर निम्मंच…” मी म्हटलं, “तू तुझं निम्मं वाच. मला परीक्षेपेक्षा लांब जायचंय.”

घरी आल्यावर पंखा लावते. तो आता खरखरतो. तुमचा भाऊ असता तर जिन्यातूनच म्हणाला असता, “बेअरिंग गेलं.” मी दुरुस्त करून घेतलेला नाही. खरखर ऐकत वाचते. तेवढीच सोबत.

तुमची भावजय


८ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

ही गोष्ट तुम्हाला कुठूनतरी कळणारच, तर आधी माझ्याकडून कळू दे.

आमच्याकडे पहिल्याच वर्षी मूट सक्तीचं आहे. मूट म्हणजे खोटं कोर्ट. एक कल्पित भांडण छापून देतात, दोन कल्पित देश असतात, दोन बाजूंना दोन-दोन मुलं वकील म्हणून उभी राहतात, समोर तिघे न्यायाधीश. कुणी कुठली बाजू लढवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. तुमचं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारत नाही. मिळेल त्या बाजूला उभं राहायचं आणि ती आपली आहे असं समजून लढायचं. हीच पद्धत.

यंदाचं भांडण असं: एक मालवाहू जहाज. त्यावर ताप पसरलेला. एक खलाशी अत्यवस्थ. जहाज जवळच्या बंदराला म्हणतं, आम्हाला धक्क्याला लागू द्या. बंदर नाही म्हणतं. खलाशी मरतो. झेंड्याचा देश बंदराच्या देशावर दावा लावतो.

हो. मीही वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. मॅडमनी हे मुद्दाम केलं नव्हतं. त्यांना तुमच्या भावाबद्दल काही माहीत नव्हतं, कारण मी वर्गात कुणाला सांगितलेलंच नव्हतं. असे दावे जगात बरेच होतात, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला वाटत होतं, की आपल्यावरच आभाळ कोसळलं. आभाळ बऱ्याच जणांवर कोसळतं, आणि नंतर त्याचा प्रश्नपत्रिकेत प्रश्न होतो.

घाईने चिठ्ठी उचलली. आम्हाला बंदराची बाजू आली.

मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठ्यांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, “बदलून देते. तुम्ही फक्त हो म्हणा, कारण विचारायची कुणाची हिंमत नाही.”

मी म्हटलं, “नको.”

“का?”

“मॅडम, मी इतके दिवस त्यांना शिव्याच देतेय. त्यांचं म्हणणं काय आहे, ते मला एकदा त्यांच्यापेक्षा चांगलं म्हणून बघू दे.”

बाहेर घाई उभी होती. दाराला कान लावलेला नव्हता असं ती म्हणते. तिचे डोळे भरलेले होते आणि वाक्य पहिल्यांदाच पुरं आलं: “मावशी, मी एकटी बोलते, तुम्ही नुसत्या बसा.” मी म्हटलं, “तू एकटी बोललीस तर आपण बंदराऐवजी बसस्टॉपची बाजू मांडू. चल, वाचनालयात चल.”

तर वन्सं, मी त्यांच्या बाजूने उभी राहणार आहे, ज्यांनी दार लावलं. तुम्हाला हे विचित्र वाटेल. मलाही वाटतं. तरी मी उभी राहणार.

तुमची भावजय


२ मार्च

वन्सं, नमस्कार.

चिरंजीवांचा फोन आला. बिचारा चाचरत होता. मी म्हटलं, “सांग बाबा, तुझ्या आईचं तू फक्त टपाल आहेस.” मग सांगितलं. “मामी, आई म्हणते, माझ्या भावाला मारणाऱ्यांची वकिली केलीस. आता माझ्या दाराची पायरी चढू नकोस.”

त्याला विद्यापीठाच्या वेबसाइटवर फोटो सापडला आणि त्याने तो तुम्हाला छापून दिला म्हणे. काळा कोट घातलेली मी, हात वर केलेला. कोट घाईच्या काकांचा होता, बाह्या दुमडलेल्या. ते फोटोत दिसत नाही.

तुम्ही फोटो पाहिलात. आता मी काय बोलले ते वाचा, मग पायरीचं काय ते ठरवा.

दुपारची वेळ होती. वर्गातली बाकं सरकवून कोर्ट केलेलं. मधल्या खुर्चीत बाहेरून बोलावलेले एक निवृत्त न्यायाधीश, बाजूला मॅडम आणि आणखी एक प्राध्यापक. समोरच्या बाजूची मुलं आधी बोलली. त्या मेलेल्या खलाशाबद्दल बोलली. त्याची बायको, त्याची मुलं, सगळं त्यांनी मनाने रचलेलं. एका मुलाचा आवाज कापला. चांगला मुलगा आहे. मी खाली मान घालून ऐकलं. मनात म्हटलं, पोरा, बायको तुझ्या समोरच बसलीय आणि आता ती तुला हरवणार आहे.

मग मी उठले. सांगितलं, की बंदर हे राज्याचं घर आहे. संकटातल्या जहाजाला आसरा द्यावा हा जुना प्रघात आहे, पण त्याला मर्यादा आहे. ज्या जहाजावर साथ आहे ते धक्क्याला लावलं, तर धक्क्यावरचे हमाल, त्यांची घरं, सगळं गाव धोक्यात येतं. राज्याने आपल्या माणसांना वाचवायचं नाही तर कुणाला? वन्सं, हे बोलताना मला तो धक्का दिसला. हमालांच्या बायका दिसल्या. त्यातल्या एकीचा नवरा माझ्या नवऱ्याच्या जहाजामुळे आजारी पडला असता, तर तिनेही कुणाला तरी पत्रं लिहिली असती.

तेव्हा न्यायाधीशांनी मला थांबवलं.

“जहाज नाकारलंत, समजलं. माणसाचं काय? डॉक्टर घेऊन एक होडी पाठवता आली नसती?”

आमच्या छापील कागदांत होडीचा उल्लेखच नव्हता. घाईने चिठ्ठी सरकवली: मागितली नव्हती, मागितली नव्हती, मागितली नव्हती. त्याखाली दोन रेघा.

मी म्हटलं, “महोदय, जहाजाने माझ्या राज्याकडे धक्का मागितला. माझ्या राज्याने धक्क्याचं उत्तर दिलं. होडी मागितल्याचं कागदपत्रांत कुठेही नाही. जे मागितलंच नाही, ते नाकारल्याचा दोष माझ्या राज्यावर येत नाही.”

“आणि मागितली असती तर?”

घाईने टेबलाखालून माझा पाय दाबला. वकिलाने आपल्या बाजूचं कमी कधी कबूल करायचं नसतं, हे आम्हाला घोकून घेतलेलं.

मी म्हटलं, “तर पाठवावी लागली असती, महोदय. जहाजाला दार लावता येतं. मरणाऱ्या माणसाला लावता येत नाही. एवढं माझं राज्य मान्य करतं.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “प्रतिनिधी, तुम्ही तुमची बाजू कच्ची करताय.”

“नाही महोदय. ती कुठपर्यंत पक्की आहे, ते सांगतेय.”

आम्ही जिंकलो. पोरांनी बाकं वाजवली. व्हेटो, व्हेटो म्हणून ओरडली. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, मग परत आत येऊन समोरच्या मुलाला सांगितलं, की तू छान बोललास, फक्त खलाशाच्या बायकोला इतकं रडवू नकोस. बायका त्या वेळी रडत नाहीत, त्या कुणाला फोन करायचे ते ठरवत असतात.

हे सगळं मी केलं आणि त्याची मला लाज नाही. फोटो फाडायचा तर फाडा.

तुमची भावजय


११ मार्च

वन्सं, नमस्कार, विनंती विशेष.

हो, या पत्रात विनंती आहे. शेवटपर्यंत वाचा, मग चुलीत घाला.

मूट झाल्यावर मी दुकानात होते. दुकानदार एका आजोबांचे डोळे तपासत होते. नाकावर ती रिकामी चौकट, एक काच काढायची, दुसरी घालायची, आणि दर वेळी तोच प्रश्न: “आता बरं दिसतं का मघाशी?” आजोबा वैतागून म्हणाले, “अहो, मघाशी काय दिसत होतं ते आता कसं आठवेल?” सगळे हसले. मी काउंटरमागे हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले, कारण मला आठवलं.

झेंडेवाल्यांचं उत्तर मला पाठ आहे. तुम्हालाही वाचून दाखवलं होतं. ‘जहाजाने बंदरात प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. जहाज किनाऱ्यापासून दूर असल्याने अन्य मदत पोचणे शक्य नव्हते. जहाजावर शक्य ते उपचार करण्यात आले.’ मी दर वेळी पहिल्या वाक्यावर अडकायचे. नाकारला गेला. का नाकारला, कसा नाकारला, हेच मी सगळ्यांना विचारत राहिले, आणि त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार होतं. आता मला माहीत आहे की ते उत्तर चांगलं आहे. मी स्वतः ते उभं राहून दिलं आणि जिंकले.

दुसरं वाक्य मी कधी वाचलंच नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी वाचलं होतं. अन्य मदत शक्य नव्हती, हे कुणी ठरवलं? होडी कुणी मागितली होती? जहाजाने मागितली आणि बंदराने नाही म्हटलं, तर बंदर दोषी. मागितलीच नाही, तर जहाज दोषी, आणि त्याच्यावर ज्यांचा झेंडा ते. दोघांतला एक तरी या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. दोघांनाही हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.

मी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “चौकशी पुन्हा उघडा, असं झेंड्याच्या देशाला म्हणता येतं. ते उघडतील याची खात्री मी देत नाही. पण ते म्हणणार, जहाज दूर होतं. दूर नव्हतं, हे कोण सांगणार?”

वन्सं, तुम्ही सांगणार.

त्या संध्याकाळी त्याच्या मोबाइलला किनाऱ्याची रेंज आली. माझा फोन दुकानाच्या खणात होता, म्हणून त्याने तुम्हाला लावला. तो गेल्याचं कळलं त्या पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मला हे सांगितलंत. तो म्हणाला होता, “ताई, पोटात फार दुखतंय. समोर गाव दिसतंय. दिवे लागलेत. एका इमारतीच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या वेगळ्या दिसताहेत.” त्यानंतर तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मी काढला की उठून जाता.

खिडक्या वेगळ्या दिसत होत्या, वन्सं. इतकं काय ते दूर?

मी हे सांगितलं तर ते ऐकीव. त्याचा आवाज ज्यांनी ऐकला, त्या तुम्ही एकट्याच आहात.

तुम्ही का उठून जाता, तेही मला कळतं. तुम्ही त्याला म्हणालात, “गोळी घे आणि जरा झोप.” मग रेंज गेली. ते वाक्य तुम्ही रोज उशाला घेऊन झोपता. माझ्यावरचा राग खरा आहे, मी नाकारत नाही, पण त्यातला निम्मा माझ्या पत्त्यावरचा नाही. आता मी दोन्ही बाजूंनी उभं राहायला शिकलेय, म्हणून तुमच्या विरुद्धची वकील होऊनही बघितलं. जेवढं वाईट बोलता येईल तेवढं बोलले. खटला उभाच राहत नाही. लहानपणापासून पोट दुखलं की ज्याला तुम्हीच झोपवत आलात, त्याला दुसरं काय म्हणणार होतात? मीही तेच म्हटलं असतं. आणि तो तुमचं ऐकून झोपला असेल तर निदान तेवढा वेळ तरी त्याला बरं वाटलं असेल.

आता विनंती. रविवारी सकाळच्या बसने मी येते. तुमच्या दाराची पायरी चढणार नाही, तुम्ही नको म्हटलंय. समोरच्या रस्त्यावर उभी राहीन. रस्ता कुणाच्या मालकीचा नाही, खुल्या समुद्रासारखा. कागद, पेन आणि बसायला चटई घेऊन येते. तो जे बोलला ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगायचं, मी लिहायचं, खाली तुम्ही सही करायची. झोप म्हणालात ते घालायचं की नाही, तुम्ही ठरवा. त्यांना खिडक्या हव्या आहेत.

तुम्ही आला नाहीत तरी मी विचारणार आहे. एकटी विचारेन, ऐकीवावर विचारेन, ते हसतील तरी विचारेन. पदवी मिळायला दोन वर्षं आहेत आणि पंखा अजून चालतोय.

मला घरात घ्यायचं की नाही, हा तुमचा अधिकार. त्या अधिकाराच्या बाजूने मी स्वतः लढलेय. पण तुम्ही बाहेर या. पायरी उतरून रस्त्यापर्यंत या.

मी मागते आहे, वन्सं. नंतर कुणी म्हणायला नको, की मागितलं नव्हतं.

तुमची भावजय